बाळीवेशीतलं पावण्यांचं घर

मी सोलापूरला तीन दिवसांसाठी म्हणून गेले आणि महिन्याने परत आले. यात माझा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण देवरुखात भलभलत्या गोष्टी पसरल्या आहेत. शेजारच्या सुमनने तर मी तिकडे चादरींचं दुकान टाकलं, असं अख्ख्या आळीत सांगून ठेवलं होतं. चादरी मी चारच आणल्या, आणि त्यातली एक तिलाच दिली.

झालं असं. माझी जुनी मैत्रीण निर्मला लग्न होऊन सोलापूरला गेली ती तिकडचीच झाली. तिचा फोन आला, की ये, तुला आमच्या गावातली जुनी घरं दाखवते, आणि राहायची सोयही अशाच एका घरात करते. मी पोस्टातून निवृत्त, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा ठाण्याला. जाऊ का, असं विचारायला मुलाला फोन केला तर म्हणाला, आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. त्याचं ते नंतर अजून उजाडायचं आहे. मी बॅग भरली.

स्टेशनातून बाळीवेस

निर्मलाने सांगितलेला पत्ता मी घोकून ठेवला होता. बाळीवेस, देवळामागचा बोळ, काळ्या दगडाचं घर, एवढं म्हणून होतंय तोवर रिक्षावाल्याने रिक्षा सुरूही केली.

"पावण्यांचं घर म्हना की," तो म्हणाला. "लई पावणे सोडलेत मी तितं."

मी मनात म्हटलं, काय अगत्य असेल बाई या लोकांचं. आमच्याकडे घर ओळखलं जातं ते आडनावावरून, नाहीतर तिथल्या भुतावरून. पाहुण्यांवरून नाव पडलेलं घर मी जन्मात ऐकलं नव्हतं.

घर मात्र खरंच बघण्यासारखं. दाराच्या दोन्ही बाजूंना बसायला दगडी ओटे, चौकटीवर कोरलेल्या वेली, भिंत इतकी जाड की जिना भिंतीच्या पोटातूनच वर गेलेला. मालक शिवशरणअप्पा धान्याच्या व्यापारातून आता मोकळे झालेले, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. त्यांच्या पत्नी महानंदाअक्का म्हणजे मात्र उलट. "बर्री, बर्री", म्हणजे या, या, असं करत त्यांनी माझ्या हातातली बॅग ओढून घेतली आणि मी चप्पल काढायच्या आत मला जेवायला बसवलं. दोघं घरात कानडी बोलत, माझ्याशी मराठी, आणि परसातल्या म्हशीशी दोन्ही.

पहिल्याच जेवणात माझी फजिती झाली. ताटात पापडासारखी वाळवलेली कडक भाकरी होती. मी कोकणातली, भात-आमटीवर वाढलेली. तिला मी तांदळाची भाकरी समजून दाढेखाली घेतलं, कट्ट असा आवाज झाला, आणि दाढेची कॅप हातात आली. अक्का जराही दचकल्या नाहीत. त्यांनी कॅप धुऊन कोनाड्यात ठेवली. तिथे आधीच एक चष्म्याची डबी, एकटा मोजा, कुणाची तरी कवळी आणि दोन कंगवे होते. हा मोजा नागपूरच्या पावण्यांचा, कवळी बेळगावच्या काकांची, असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. मग भाकरी कशी मोडायची, वर शेंगाचटणी आणि दही कसं घालायचं आणि मऊ होईपर्यंत गप्पा कशा मारायच्या, हे शिकवलं. हे शिक्षण मला फार मानवलं. देवरुखात मी एकटी जेवते, तेव्हा जेवण आटोपायला बातम्यांतल्या जाहिरातींइतकाही वेळ लागत नाही.

रविवार, समितीबरोबर

निर्मला ज्या समितीत आहे ती जुनी घरं वाचवणारी समिती. हिच्याकडे पैसा नाही, अधिकार नाही, कचेरीसुद्धा नाही. आहे तो फक्त उत्साह, आणि तो आवरत नाही. प्रमुख माने सर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. हातात छडी, पण ती मारायला नाही, दगड ठोकून बघायला. गंमत अशी, की समितीतला एकही माणूस जुन्या घरात राहत नाही. सगळे जुळे सोलापुरात, म्हणजे गावाबाहेरच्या नव्या वस्तीत, लिफ्टवाल्या फ्लॅटांत. रविवारी सकाळी स्कूटरींवरून गावात उतरतात आणि दुसऱ्यांच्या घरांसाठी हळहळतात.

पण नुसते हळहळत नाहीत, हेही सांगायला हवं. एका घराच्या नक्षीच्या लाकडी खांबांना मालकाने झगझगीत गुलाबी ऑइलपेंट दिला होता. समितीची मंडळी पॉलिश पेपर घेऊन बसली आणि दुपारपर्यंत तो रंग खरवडत राहिली. मालक शेजारी खुर्ची टाकून चहा पाजत होता. मी निर्मलाला म्हटलं, किती समजूतदार माणूस आहे. ती म्हणाली, कसला समजूतदार, दर दिवाळीला तो गुलाबी लावतो आणि आम्ही उन्हाळ्यापर्यंत काढतो. त्याला गुलाबी आवडतो, आम्हाला लाकूड आवडतं. वर्षातून सहा महिने त्याचे, सहा आमचे. गावातलं भांडण मिटवायची ही रीत मला आमच्या ग्रामपंचायतीत नेऊन दाखवावीशी वाटली.

पुढच्या रविवारी अप्पांच्याच घराचं माळवद दुरुस्त करायचं ठरलं. माळवद म्हणजे इथलं सपाट मातीचं छप्पर. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. आमच्या पावसात हे छप्पर एका आषाढात विहिरीत जाईल. इथे मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलंय आणि खाली उन्हाळ्यातसुद्धा गारवा.

नवी माती पसरून ती चोपायची होती. चोपणं हा शब्द ऐकला आणि माझ्यातली कोकणची पोर जागी झाली. दर वर्षी अंगण चोपणारी मी. सगळ्यांना बाजूला सारून मी म्हटलं, तुम्हाला येत नाही, मी दाखवते. आमच्याकडे आधी पाणी शिंपडतात, म्हणून मी एक बादली ओतली. मग आणखी एक ओतली. माने सर काहीतरी सांगत होते, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. लाकडी चोपणं घेतलं आणि असे दणादण घाव हाणले, की स्वयंपाकघराच्या वर धूर जायला ठेवलेल्या भोकातून चिखलाचा एक लोंढा सरळ खाली गेला.

खाली आमटी उकळत होती. समितीतल्या सगळ्यांसाठी केलेली, मोठ्या पातेल्यात.

मी तोंड लपवत जिन्याने खाली आले. अक्कांनी पातेल्यात डाव फिरवला, वास घेतला, आणि शांतपणे म्हणाल्या, "घर पोटात गेलं म्हना की." मग पिठलं टाकलं. त्यांना राग आला नाही याचं मला नवल वाटलं. उलट त्या दिवसभर खुशीत होत्या, जो येईल त्याला आमटीची गोष्ट सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी लोंढा मोठा होत होता.

त्या संध्याकाळी मी बॅग भरायला घेतली. तीन दिवसांचे बारा-तेरा होऊन गेले होते. निर्मला लगबगीने आली आणि म्हणाली, अजून थोडं थांब, लातूरचे काका यायचे आहेत, ते आले की तू जा. मी म्हटलं, तुझे लातूरचे काका माझे कोण लागतात? ती गप्प बसली. निर्मला गप्प बसली की कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कॉलेजपासून ठाऊक आहे.

टेपवाला माणूस

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गुबगुबीत माणूस दारात आला. हातात मोजायची टेप. तो ओट्याची लांबी घेणार, एवढ्यात अप्पा बाहेर आले आणि म्हणाले, पावणे हायत घरात, नंतर या. माणसाने अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या माझ्या साड्यांकडे पाहिलं, एक उसासा टाकला, टेप खिशात घातली आणि सवयीने जेवायला आत आला.

तो बिल्डरचा माणूस होता. जेवताना त्याने मला सगळी कथा सांगितली, तीही तक्रार म्हणून. वर्षभर तो या घराचं माप घ्यायला येतो आहे. पण घरात पाहुणा असताना घर विकायची गोष्ट काढायची नाही, ही अप्पांच्या घरची रीत. आणि घरात पाहुणा नाही असा दिवस काही त्याला सापडत नाही. नागपूरचे गेले तर बेळगावचे येतात, बेळगावचे गेले तर कऱ्हाडचे. "तुमी आलाव तवा मी कोपऱ्यावरच हुतो," तो म्हणाला. "कऱ्हाडचे गेले, मी निघालो, तर तुमची रिक्षा." येऊन येऊन आणि जेवून जेवून त्याला मात्र सगळे कपडे नवे शिवायला लागले होते.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पाहुणी नव्हते. मी टेकू होते. घर पडू नये म्हणून भिंतीला वासा लावतात ना, तशी मला समितीने आणून लावली होती.

मी तशीच जुळे सोलापुरात निर्मलाच्या पाचव्या मजल्यावर गेले आणि तिला फैलावर घेतलं. ती आधी हसली, मग रडवेली झाली. म्हणाली, आमच्याकडे दुसरं काय आहे सांग. कोर्टात जायला पैसा नाही, बिल्डरला अडवायचा हक्क नाही. नातेवाईक आणि मैत्रिणी तेवढ्या भरपूर आहेत. शेजारच्या बोळातलं घर गेल्या वर्षी एका आठवड्यात भुईसपाट झालं, तिथे आता गाड्या लावतात. हे घर मला तसं बघवणार नाही गं.

तिच्यावर चिडायचं मी ठरवूनच गेले होते, पण जमलं नाही. मी विचारलं, अप्पांना विकायचं आहे का? ती म्हणाली, अप्पा तर म्हणतात, मला इथूनच न्या. विकायचं आहे ते अक्कांना. त्यांचे गुडघे गेलेत, परसातला संडास खाली बसायचा, त्यांना कमोडवाला फ्लॅट हवा.

मग कमोड बसवा की, मी म्हटलं. निर्मलाने असा चेहरा केला, जणू मी देवळात चप्पल घालून गेले.

कमोडची सभा

सभा अप्पांच्याच माडीवर भरली. विषय एकच. खालच्या धान्याच्या खोलीत कमोड बसवावा की बसवू नये. अप्पा आणि अक्का खाली थांबले होते, आणि अक्का दर थोड्या वेळाने जिना चढून काहीतरी खायला आणत होत्या. एकदा चिवडा, एकदा शेंगापोळी, एकदा नुसत्याच बघायला. मी एकदा त्यांना म्हटलं, अक्का, गुडघे दुखतात ना, कशाला चढता? तर म्हणाल्या, चढायला बरे हायत, बसायला वाईट. आणि माझ्या आधी खाली पोचल्यासुद्धा.

वरती माने सर कळवळून बोलत होते. धान्याच्या खोलीची फरशी मूळची आहे, ती फोडायची कशी? पाइप बाहेरून न्यायचा तर दर्शनी भिंतीचं काय? एकाने सुचवलं, पाइप काळा रंगवू. दुसऱ्याने विचारलं, कमोड काळ्या दगडाचा करून मिळेल का? यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. दगडाच्या कमोडवर हिवाळ्यात कोण बसेल, हे मात्र कुणी विचारलं नाही.

शेवटी मला राहवेना. मी पाहुणी, बोलायचा हक्क नाही, पण एवढे दिवस भिंतीला टेकू लागलेली असल्यामुळे थोडा हक्क मीच घेतला.

"माने सर, तुमच्या घरी कमोड आहे?"

"आहे."

"किती?"

सरांनी छडीकडे पाहिलं. "दोन," ते म्हणाले.

मग सरच हळूच म्हणाले, फरशी न फोडता नुसती उचलून ठेवता येईल, आणि पाइप मागच्या बाजूने नेता येईल. सर मोठ्या मनाचे. नंतर तर त्यांनी असा पुढाकार घेतला, की गवंड्याला काम करायला जागा मिळेना. प्रत्येक फरशी ते स्वतः कापडात गुंडाळून उचलत होते.

काम झालं त्या दिवशी उद्घाटन ठरलं. सगळा बोळ जमला. नारळ फोडावा असं कुणीतरी म्हणालं, त्याला अप्पांनी साफ नकार दिला, देवाचं फळ तिथं नको म्हणाले. मग फीत लावली. माने सरांनी बंद दारासमोर उभं राहून, पूर्वजांनी आपल्याला काय दिलं, यावर भाषण केलं. फीत अक्कांच्या हातून कापली. टाळ्या झाल्या आणि सगळे तिथेच उभे राहिले, आता पुढे काय, अशा चेहऱ्याने. अक्का म्हणाल्या, "आता तुमी जावा की जरा." तेव्हा कुठे मंडळी हलली.

निरोपाचं जेवण

रात्रीच्या आधीच जेवणं उरकायची होती, कारण माझी गाडी होती. हुग्गी केली होती, गव्हाची खीर, गुळाची, वरून तूप. टेपवालाही पंगतीला होता. माने सर तृप्त होऊन म्हणाले, आता काळजी मिटली. अक्कांची अडचण दूर झाली, घर राहिलं. आता पाहुणे पाठवायची गरज नाही. लातूरच्या काकांना मी येऊ नका म्हणून कळवलंय.

अक्का तूप वाढत होत्या. वाढता वाढता थांबल्या. मी नेमकी त्यांच्या समोर बसले होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. पोराच्या हातातला खाऊ काढून घेतल्यावर होतं ना, तसं काहीसं झालं. मग त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवला.

"जिना लई उंच हाय," त्या म्हणाल्या. "आता मला चढवत न्हाय. विकायलाच पायजे."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. टेपवाल्याने चाचपून टेप आहे ना ते बघितलं. निर्मला फोन घेऊन अंगणात धावली, लातूरच्या काकांना, निघा, आत्ताच्या आत्ता निघा, म्हणून सांगायला. अप्पांनी मात्र मान ताटात घातली होती, आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते.

मी ताट उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात अक्कांच्या मागे गेले. म्हटलं, अक्का, दिवसातून दहा वेळा माळवदावर कुरडया उलटायला जाता, माझ्या पुढे पळता. जिना कधीपासून उंच झाला?

त्यांनी मागे दारात कुणी आहे का बघितलं. मग माझ्या डब्यात शेंगाचटणी दाबून भरत म्हणाल्या, "दोन पोरं हैदराबादला. फोन केला की म्हंत्यात, नंतर करतो. एकदा चिडून म्हणलं, घर विकते. तर नागपूरचे पावणे आले. गेले. घर पुन्हा गप झालं. पुन्हा म्हणलं. बेळगावचे आले."

"म्हणजे विकायचं कधी नव्हतंच?"

"पयल्यांदा खरंच हुतं," त्या म्हणाल्या. "घरात भांडं पडलं तरी कोन पाडलं म्हनून इचारायला कुणी न्हाय. अशा घरात ऱ्हाऊन काय करायचं?"

मी त्यांचा हात धरला, त्याला चटणी लागली होती, ती माझ्या साडीला लागली. अप्पांना माहीत आहे का, असं विचारलं तर म्हणाल्या, टेपवाल्याला बोलवायला फोन कोन करतं मग? तेच.

हे सगळं लिहू का, म्हणून मी परत आल्यावर अक्कांना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, नावं बदल आणि लिही, समितीवाले वाचत न्हाईत, फोटो बघत्यात. तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुम्हाला कुणी सोलापूरला जुनं घर बघायला बोलावलं तर जरूर जा. दात सांभाळा, आणि छपरावर पाणी ओतू नका. माझी कॅप अजून तिकडे कोनाड्यातच आहे. लातूरचे काका तिची काळजी घेतात असं कळलं.

देवरुख

घरी आले, कुलूप काढलं. पडवीत पाचोळा साचला होता. आमचं घर तसं भक्कम आहे, जांभ्याचं, सासऱ्यांनी बांधलेलं. चहा केला. डब्यातली कडक भाकरी काढली, चटणी-दही घातलं आणि ती मऊ व्हायची वाट बघत बसले. गप्पा मारायला कुणी नव्हतं. घर इतकं शांत होतं, की मला भीतीच वाटली. स्वयंपाकघरातून एक भांडं घेतलं आणि मुद्दाम खाली पाडलं. कुणी विचारलं नाही.

मग मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, आई, जरा कामात आहे, नंतर...

"चालेल रे," मी म्हटलं. "एवढंच सांगायचं होतं, की घर विकावं म्हणते."

पलीकडे त्याने कुणाला तरी, एक मिनिट हं, असं सांगितलं आणि दार लावल्याचा आवाज आला.

"आई, तू काही करू नकोस," तो म्हणाला. "मी शनिवारी येतो. पोरांना घेऊन येतो."

मी म्हटलं, ये, तुझ्या सवडीने ये. फोन ठेवला आणि माळ्यावरच्या गाद्या उन्हात घालायला काढल्या.